आत्याची दोन चौकट

माझ्या आत्याची बोटं आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात जाऊन आलेली आहेत, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप घेऊन तिच्याकडे पाठवतात, ती दात बसवून परत पाठवते, आणि डॉक्टर ते आपल्याच हातचे असल्यासारखे लावतात. पण कवळी टोचायला लागली की माणसं डॉक्टरांना विसरतात आणि थेट तिचा जिना चढतात. मग ती त्यांना खुर्चीत बसवते, कालचं वर्तमानपत्र हातात देते आणि मोठ्याने वाचायला लावते. 'स' म्हणताना शिट्टी वाजली की कुठला दात किती घासायचा ते तिला बसल्या जागी कळतं.

ती राहते आमच्याकडेच, पण तिची कामाची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. आत शिरलं की प्लॅस्टरची पांढरी धूळ आधी भेटते आणि आत्या नंतर. कडीवर धूळ, रेडिओवर धूळ, आत्याच्या भुवयांवर धूळ. खिडकीपाशी गॅसची बारीक ज्योत, तिच्यावर गुलाबी मेण तापवायची पळी, आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. लहानपणी मला वाटायचं की मी गेले की ते आपापसात बोलत असतील. बाबा म्हणतात, "खाली डोळे, वर दात. एखादा कान-नाकवाला भाडेकरू मिळाला तर अख्खा चेहरा एकाच जिन्यावर दुरुस्त होईल."

आत्याने लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणते, "जबडे पुष्कळ पाहिले, जुळणारा मिळाला नाही." विचारणारा पुन्हा विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आत्या कुणाला 'बरोबर' म्हणत नाही. हाताखालच्या मुलींनी कितीही सफाईने काम केलं तरी ती जबडा उजेडाला धरते, एक डोळा मिटते आणि म्हणते, "चालेल." मी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हाही ती "चालेल"च म्हणाली होती. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही.

तिला पत्त्यांतला ब्रिज शिकवला माझ्या बाबांनी. ते तिचे थोरले भाऊ. बस डेपोत कंट्रोलर होते आणि तिथे दुपारच्या सुट्टीत ब्रिजचा अड्डा जमायचा. घरी येऊन ते धाकट्या बहिणीला समोर बसवायचे आणि शिकवायचे. पुढे बहीण भावाच्या पुढे गेली. शिष्य गुरूला भारी पडला की गुरूला आनंद व्हायला हवा म्हणतात, पण तो गुरू सख्खा थोरला भाऊ असेल तर गोष्ट वेगळी असते.

ज्यांनी ब्रिज कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार माणसं, दोन जोड्या, जोडीदार समोरासमोर. पत्ते खेळण्याआधी बोली लागते: किती हात करणार, आणि कुठला रंग हुकूम. आपल्या हातात काय आहे ते जोडीदाराला फक्त ह्या बोलीतूनच सांगता येतं. बदाम आणि इस्पिक हे थोरले रंग, किलवर आणि चौकट हे धाकटे. जोडीदाराने 'एक चौकट' म्हटलं आणि आपल्याकडेही चौकटची पानं असली, तर जुन्या रीतीप्रमाणे 'दोन चौकट' म्हणजे 'माझ्याकडे थोडंफार आहे' आणि 'तीन चौकट' म्हणजे 'भरपूर आहे'. बाबांनी आत्याला हेच शिकवलं होतं आणि वर्षानुवर्षं दोघं हेच खेळत होती.

मग आत्याने कुठूनतरी नवी रीत आणली. ती बरोबर उलटी. धाकट्या रंगात 'दोन' म्हणजे ताकद, आणि 'तीन' म्हणजे हातात फारसं काही नाही. बाबा खवळले.

"दोनापेक्षा तीन मोठे. हे शाळेत जायच्या आधीपासून मला माहीत आहे!"

"दादा, नीट ऐक. पत्ते चांगले असले की आपल्याला सावकाश बोलायला जागा हवी, म्हणून खालून सुरुवात करायची. पत्ते भिकार असले की उडी मारून समोरच्यांचं बोलणंच बंद करायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार. तीन म्हणजे खळखळाट."

"आणि मी विसरलो तर?"

"तू विसरणारच," आत्या म्हणाली. "म्हणून तर आजपासून सुरुवात करायची."

बाबांचं डोकं म्हणजे त्यांच्याच डेपोतलं हरवलेल्या वस्तूंचं कपाट. आत सगळं असतं, पण ज्याचं त्याला वेळेवर मिळत नाही. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण बाबा एकदा दुसऱ्याचा चष्मा लावून स्वतःचा शोधत होते. त्यामुळे पुढे काय झालं असेल ते ओळखा. डावामागून डाव बाबा जुनंच बोलायचे, आत्या नवं समजायची, आणि दोघं खड्ड्यात. दोघं खेळायला जायची त्या ब्रिज क्लबात सगळ्यांना हा फुकटचा तमाशा होता. आत्याला तिथे बत्तिशीबाई म्हणतात. कुणीतरी हमखास म्हणायचं, "बत्तिशीबाई, आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?" आत्या पत्ते गोळा करायची आणि घरी येऊन बाबांकडून पुन्हा घोकून घ्यायची. भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, "दादा, मी एक किलवर. तू दोन. म्हणजे?" बाबा भांबावून आईकडे बघायचे. आई म्हणायची, "माझ्याकडे काय बघता? माझ्याकडे दोन कांदे आहेत."

आता नियमाची गोष्ट. अशी आडवळणाची बोली जोडीदाराने लावली की आपण टेबलावर बोटाने टकटक करायची, म्हणजे समोरचे सावध होतात. त्यांनी अर्थ विचारला तर तो उघड सांगायचा. चोरून काही ठेवायचं नाही. पण ते सांगणं समोरच्यांसाठी असतं, आपल्या जोडीदारासाठी नाही. त्याने ते ऐकून आपली बोली बदलायची नाही. ऐकलंच नाही असं वागायचं. पुष्कळ लोक हा नियम पाळतात, म्हणजे निदान पाळल्यासारखं दाखवतात. आत्या तो खरंच पाळते. एकदा बाबांनी पत्ते बघून उसासा टाकला. आता पुढे जाऊ नये, हे माझ्यासारखीलाही कळलं. आत्याची पानं पुढे जाण्यासारखी होती. ती गेली आणि आपटली. बाबा ओरडले, "मी एवढा मोठा उसासा टाकला!" आत्या शांतपणे म्हणाली, "तो माझ्यासाठी नव्हता."

मला त्या दिवशी तिचा रागच आला होता. इतकं सोवळं कशाला, असं वाटलं होतं.

क्लबाच्या हॉलमध्ये भिंतीवर एक लाकडी फळा आहे. दर वर्षी स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या जोडीचं नाव त्यावर पेंटर येऊन पिवळ्या रंगाने लिहितो. त्या फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा कुणाचं नाव असेल, तर आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं. दोघं खेळतात उत्तम, ह्यात वाद नाही. फक्त चष्मेवाला जिंकला की जिन्यात शीळ घालतो, आणि ती शीळ वरच्या मजल्यावर ऐकू येते. आत्या आणि बाबा तीनदा दुसरे आले होते. दुसऱ्यांचं नाव कुठेच लिहीत नाहीत. आणि ह्या वर्षी फळ्यावर शेवटची एकच ओळ उरली होती. पुढच्या वर्षीपासून टीव्हीसारखा पडदा लावायचं कमिटीने ठरवलं होतं. पडद्यावर नाव येतं आणि जातं. आत्याला ते लाकडावर हवं होतं. ती तोंडाने कधी म्हणाली नाही, पण हॉलमध्ये ती नेहमी फळा समोर दिसेल अशीच खुर्ची धरायची. एवढं मलाही दिसत होतं.

स्पर्धेच्या दिवशी मी आत्याच्या पाठीमागे स्टूल घेऊन बसले. मागे बसणाऱ्याला एकाच बाजूचे पत्ते बघायची परवानगी असते आणि तोंड शिवून बसायची सक्ती. मला दुसरी गोष्ट जड जाते, पण बसले. गुण सेक्रेटरीकडे जमा होतात आणि शेवटपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. तरी हवा कळते. दोघं त्या दिवशी फार सुंदर खेळत होती. बाबा एकदाही विसरले नाहीत. नवी रीत दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी टकटक केली, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून शाळेतल्या पोरासारखी मान ताठ केली.

शेवटचा डाव आला चष्मेवाल्याच्या जोडीशीच. हॉलमधले बरेचसे लोक आपापले डाव आटोपून आमच्या टेबलाभोवती उभे राहिले होते.

बाबांनी एक चौकट लावली. मी आत्याचे पत्ते पाहिले. चौकटची पाच पानं आणि, एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे धरून, सगळे मिळून नऊ पॉईंट. नव्या रीतीत ताकदीला दहा तरी लागतात, म्हणजे हा 'तीन चौकट'चा हात. आत्याने फळ्याकडे एकदा पाहिलं, डब्यातून बोलीचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोन चौकट.

मला वाटलं की तिने काही विचार करून एक पॉईंट उसना घेतला असेल. तिच्या पुढे मी कोण शंका घेणार?

टक टक. बाबांनी टेबल वाजवलं.

चष्मेवाल्याने पत्ते खाली ठेवले आणि हसून विचारलं, "कंट्रोलरसाहेब, अर्थ काय ह्याचा? आठवतोय ना?" भोवतीचे लोक हसले. मी मुठी आवळल्या. बाबांनी घसा साफ केला, आणि डेपोतल्या माइकवर गाडीची वेळ सांगायचे त्या आवाजात एका दमात म्हणाले, "ताकदीचा हात. दहा किंवा जास्त पॉईंट. चौकटची निदान चार पानं. बदाम किंवा इस्पिकची चार नाहीत. आणि ह्या बोलीवर मला पास म्हणता येत नाही."

एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. चष्मेवाल्याचं हसू विरलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि त्याच क्षणी समोर आत्याचे कान मागून लाल झालेले मला दिसले. धुळीने पांढऱ्या झालेल्या केसांआडून लालबुंद.

तेव्हा मला कळलं. तिने काही उसनं घेतलं नव्हतं. ती विसरली होती. ज्या रीतीसाठी तिने बाबांचा जीव खाल्ला, तीच विसरून तिने जुनं 'दोन' लावलं होतं, आणि बाबांच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या ते ध्यानात आलं होतं.

बाबांनी पुढची बोली लावली: दोन नोट्रम्प. म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही, आणि पहिले सहा हात बोलीत धरत नाहीत, म्हणून करायचे आठ. नव्या रीतीत ह्याचा अर्थ सरळ आहे: माझ्याकडे बेताचेच आहेत. आता आत्याला फक्त 'पास' म्हणून बोली तिथेच थांबवायची होती. बोली संपली की खेळणाऱ्याचा जोडीदार आपले पत्ते उघडे मांडतो; तिने मांडल्यावर लोकांना नऊ पॉईंट दिसले असते, दहाला एक कमी. कुणाची भुवईसुद्धा हलली नसती. पृथ्वीच्या पाठीवर तिच्या चुकीचा कुणाला थांगपत्ता लागला नसता. मनात मी ओरडत होते, पास म्हण, आत्या, पास म्हण.

पण बाबांनी जे सांगितलं ते तिने ऐकलेलं नव्हतं. म्हणजे नियमाने ऐकलेलं नव्हतं. आणि ते ऐकलं नसेल, तर ती अजून जुन्याच रीतीत बसली होती. जुन्या रीतीत थोडक्या ताकदीच्या 'दोन'वर जोडीदार 'दोन नोट्रम्प' म्हणाला, तर त्याचा अर्थ अगदी वेगळा: माझ्याकडे दणकून आहे, तुझ्याकडे थोड्यातलं बरंसं असेल तर पुढे चल. आणि 'थोडंफार' म्हणजे सहा ते नऊ, त्यात नऊ सगळ्यात बरं.

आत्या बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिली नाही. वेळ लावणं हीसुद्धा जोडीदाराला खूण असते. तिने नेहमीच्या गतीने डब्यात हात घातला आणि कार्ड ठेवलं. तीन नोट्रम्प. नऊ हात.

मी डोळे मिटले.

आत्याने पत्ते टेबलावर मांडले. बाबांनी ते मोजले, आणखी एकदा मोजले, आणि त्यांचा चेहरा पडला. भोवती कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "बत्तिशीबाईंचा आज अंदाज हलला." बाबा जीव तोडून खेळले. आठ हात झाले. नववा शोधायला त्यांनी काय काय नाही केलं, पण नसलेला हात येणार कुठून?

"नऊ पॉईंटवर?" बाबा म्हणाले. "अगं, मी सांगितलं ना, माझ्याकडे बेताचे आहेत म्हणून!"

 आत्याच्या आधी चष्मेवाल्याची बायको बोलली. ती फार कमी बोलते आणि फार नीट बघते. तिने मांडलेल्या पानांवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "बत्तिशीबाई, दोन चौकट तुम्ही जुन्या हिशेबाने बोललात ना?"

आत्याने मान हलवली.

"आणि ह्यांनी अर्थ सांगितल्यावर तुमच्या लक्षात आलं."

"हो."

"मग थांबायचं होतंत की."

"दादाने तुम्हाला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "मला नाही."

 'अंदाज हलला' म्हणणारा गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागला. बाबा तोंड उघडं ठेवून बहिणीकडे बघत होते. मला तिच्या ज्या सोवळेपणाचा एकेकाळी राग आला होता ना, तो हाच. माझी आत्या आहे ही, असं मला त्या हॉलमधल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटलं. ज्यांना आधीच माहीत होतं त्यांनाही.

थोड्या वेळाने सेक्रेटरीने निकाल वाचला. चष्मेवाले पहिले. आत्या आणि बाबा दुसरे, केसाच्या अंतराने. तो एक डाव आठ हातांवर थांबला असता तर उलटं झालं असतं, हे त्याने चष्मा पुसत सगळ्यांसमोर सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

चष्मेवाला उठून आत्याकडे आला. जिन्यात शीळ घालत असला तरी माणूस वाईट नाही. म्हणाला, "खरं सांगू का? तुमच्या जागी मी असतो तर पास म्हणून मोकळा झालो असतो."

आत्या पर्स बंद करत म्हणाली, "म्हणून तर तुमचं नाव फळ्यावर आहे."

सगळ्यात मोठ्याने त्याची बायकोच हसली. आज लिहिताना सांगते, त्यानंतर जिन्यात शीळ ऐकू आलेली नाही.

आम्ही बसने घरी आलो. आईने दार उघडलं, तिघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. नवऱ्याची थट्टा कधी करू नये, हेही तिला कळतं. आत्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. बाबा तिच्या समोर, नेहमीच्या जागी. ते म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा मी ते धड सांगितलं. सगळ्यांच्या देखत. आणि काय उपयोग झाला? फुकट गेलं."

त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं. पाठ केलेलं वाया गेल्याचं होतं. हे कळायला त्यांची मुलगी असावं लागतं.

आत्याने कप खाली ठेवला. तिचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"दादा, तू शिकवलंस ते माझ्या हातून गेलं, आणि मी शिकवलं ते तुझ्या तोंडून आलं. आयुष्यात पहिल्यांदा तू इतकं नीट बोललास, आणि नेमकं तेच ऐकायची मला मुभा नव्हती. मान खाली घालून बसले. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." तिने पदराने भुवईवरची धूळ पुसली. "आता डाव संपलाय. आता ऐकायला हरकत नाही. पुन्हा सांग."

"आता?"

"आता. मी दोन चौकट म्हणाले. म्हणजे?"

बाबांनी आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. खुर्चीत ताठ बसले आणि टेबलावर दोनदा बोट वाजवलं. मग त्याच माइकवरच्या आवाजात, पण जरा कापऱ्या, म्हणाले, "ताकदीचा हात. दहा किंवा जास्त पॉईंट. चौकटची निदान चार पानं. बदाम किंवा इस्पिकची चार नाहीत. आणि ह्या बोलीवर मला पास म्हणता येत नाही."

आत्या डोळे मिटून ऐकत होती. जबडा उजेडाला धरताना एकच डोळा मिटते, आज दोन्ही मिटले होते.

"बरोबर," ती म्हणाली.